मानपाडा ते कोपरी: बेचाळीस किलोमीटर आणि कोनमधला एक तांब्या पाणी

डोंबिवलीहून ठाण्याला जायला आता मोठागाव-माणकोलीचा पूल झालाय. गाडी असेल आणि नशीब जोरावर असेल तर अर्ध्या तासात पोचता. मी मात्र मुद्दाम कल्याणचा वळसा घेऊन, कोनवरून, हायवेने, पायी गेले. का, ते आधी सांगते, म्हणजे मग "बाई वेडी आहे का" हा प्रश्न कमेंटमध्ये विचारायची गरज उरणार नाही.

गेल्या वर्षी मी एका मोठ्या मॅरेथॉनमध्ये धावलेले. तिथे वेळेची मर्यादा असते. शेवटच्या धावणाऱ्यांच्या मागून एक बस येत राहते आणि मागे पडलेल्यांना उचलते. छत्तिसाव्या किलोमीटरला ती माझ्या बाजूला येऊन थांबली. एक गोड मुलगी खाली उतरून म्हणाली, "मॅडम, बसा ना, रस्ता उघडायचाय." आणि मी बसले. कुणी हात धरला नव्हता, ढकललं नव्हतं. पाय दुखत होते, खिडकीची सीट रिकामी होती, मी बसले. घरी आल्यावर नवरा दीपक आणि त्याचे भाऊ महिनाभर हसले, पण त्यांच्या हसण्याने मला काही झालं नाही. मला राग माझाच आला होता आणि तो वर्षभर उतरला नाही.

तेव्हा ठरवलं की बेचाळीस किलोमीटर करायचे, आपल्या पायाने, कुठल्याही गाडीत न बसता. स्पर्धा नको, मर्यादा नको. आमच्या मानपाड्याच्या दारातून निघायचं आणि कोपरीला माहेरच्या दारात थांबायचं. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, झेरॉक्सचं दुकान चालवते आणि धावायला लागून मला चारच वर्षं झालीत. सराव पहाटे एमआयडीसीतल्या रस्त्यांवर. तिथे त्या वेळी मी, कुत्री आणि रात्रपाळी सुटायची वाट बघणारे रिक्षावाले, एवढेच असतो. सुरुवातीला ते "कुठे सोडू ताई?" विचारायचे. आता विचारत नाहीत, नुसता हॉर्न देतात.

जानेवारीतला रविवार धरला. पावणेपाचला निघाले. दीपक दारात चहाचा कप घेऊन उभा. म्हणाला, "फोन कर, येतो घ्यायला."

"पोचल्यावर करीन," मी म्हटलं.

"नाय, म्हणजे मध्येच जर..."

"पोचल्यावर करीन."

मानपाडा ते कोपरी कल्याणवरून सरळ गेलं तर अंतर कमी भरतं. म्हणून आधी उलट्या दिशेने, शिळफाट्याच्या बाजूला, काटई नाक्यापर्यंत गेले आणि परत फिरले. आठेक किलोमीटर इथेच झाले. शिळ रस्त्यावर मेट्रोच्या खांबांचं काम चालू आहे, पत्रे लावलेत, फूटपाथ असला तर असतो. कुणी करणार असाल तर डोक्याला बॅटरी लावा, अंगात चमकणारं जॅकेट घाला आणि गाड्या समोरून येताना दिसतील अशा बाजूने धावा. हे तीनही नसेल तर सरळ घरी झोपा. शौर्य नंतर.

पत्रीपुलाशी उजाडलं. वीस रुपयांचा वडापाव घ्यायचा मोह टाळला, दोन केळी खाल्ली, मिठाची चिमूट जिभेवर ठेवली. कल्याण रविवारी सकाळी इतकं शांत असतं हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं. शिवाजी चौकात फुलवाल्या झेंडूचे ढीग लावत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "बघ, हिची गाडी चुकली वाटतं." दुसरी म्हणाली, "एवढं धावून कुठं गाडी मिळते व्हय?" मी हसत हसत लाल चौकी ओलांडली. दुर्गाडीच्या पुलावर खाडीचा गार वारा लागला आणि अंगात आलं. अठरा किलोमीटर झाले होते, पाय हलके होते, मनगटावरचं घड्याळ माझ्या बाजूने होतं. मला वाटलं, आज कुणाच्या बापाला ऐकत नाही.

आणि मग कोन आलं.

कोनला माझी मोठी नणंद दिली आहे. सुनंदाताई, मी त्यांना वन्स म्हणते. आदल्या दिवशी मी फोन करून सांगितलेलं की उद्या पायी माहेरी चाललेय, वाटेत भेटते. एवढंच. चूक माझीच. आमच्या लोकांत बाई पायी निघाली म्हणजे एकच अर्थ होतो: नवस. एकवीरेला पायी जाणारी पालखी गावातून निघाली की बाया दारात परात घेऊन उभ्या राहतात आणि चालणाऱ्याचे पाय धुतात. धावणं हा छंद असू शकतो, हे आमच्या गावांत अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

घराच्या कोपऱ्यावर वळले तर अंगणात खुर्ची, पुढे पितळी परात, आजूबाजूला सात-आठ बाया नऊवारीत आणि नायलॉनच्या साड्यांत. सहा वाजल्यापासून उभ्या होत्या म्हणे.

"आयलीस गो बाय!" वन्स ओरडल्या. "बस, बस. बूट कार."

"वन्स, मी धावतेय. थांबायचं नाही मला. नुसतं पाणी द्या."

"पानीच देतंय. पायी आयलेल्या मानसाला पाय धुतल्याबिगर पुढं सोरत नाय."

"अहो, नवस नाही हा!"

"नसूदे. आमी कुनाला सांगत नाय."

आता सांगा, काय करायचं? पाय मागे घेतला तर आठ बायांचा अपमान, पुढे केला तर माझं वाटोळं. मी बसले. कोमट पाणी, हळद, कुंकू. खोटं कशाला बोलू, एकवीस किलोमीटरनंतर पायावर कोमट पाणी पडलं तेव्हा डोळे मिटले. ओटी भरली. चवळीची उसळ आणि तांदळाची भाकरी पुढे आली, ती दोन घास खाल्ली. आणि मी हात धुवायला वळले तेवढ्यात शेजारच्या एका काकूंनी भक्तिभावाने माझे बूटही पूजले. हळद, कुंकू आणि वरून सबंध तांब्या पाणी. मोजे बुटांतच होते.

जादा मोजे आणले नव्हते. वन्सनी त्यांच्या मुलाचे शोधले, ते जाड लोकरी निघाले, बुटात जाईनात. शेवटी तेच मोजे पिळून घातले. चाळीस मिनिटं गेली. निघताना वन्सनी स्कूटी बाहेर काढली. "पायी जानाऱ्याच्या मागं गारी लागते," त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं. ते त्यांनी ऐकलं नाही, कारण आमच्या घरात नको हा शब्द आग्रहाची सुरुवात समजला जातो.

रांजणोली नाक्यापासून हायवे लागतो. इथे कंटेनर, धूळ, टायरवाल्यांची दुकानं आणि गोदामं. वाटेत लिंबू सरबत वीस रुपये, बर्फ घेऊ नका. सर्व्हिस रोड मिळेल तिथे तोच धरा. माझ्यामागे पंधरा-वीस पावलांवर वन्सची स्कूटी, इंडिकेटर चालू, हँडलला माझ्या ओटीची पिशवी. एका टेम्पोवाल्याने खिडकीतून विचारलं, "क्या हुआ आंटी, झगडा हुआ क्या?" वन्सनी त्याला जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

माणकोलीला डाव्या टाचेत काहीतरी सरकलं. ओल्या मोज्यात कातडी सुटते हे सगळे धावणारे जाणतात, मीही जाणत होते. तिथून खारेगावपर्यंत प्रत्येक पाऊल मोजून टाकलं. टोलनाक्याच्या जागेपलीकडे रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकले आणि बूट काढला. दोन्ही टाचा आणि उजवा अंगठा फुटला होता. हळदीने मोजे आधीच पिवळे झाले होते, त्यात लाल मिसळलं होतं. घड्याळात चौतीस किलोमीटर दिसत होते आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

वन्सनी स्कूटी लावली, पाय बघितले आणि पदर तोंडाला लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मनीषा, बस मागं. कोपरीच्या पुलाच्या अलीकडं उतरवतंय. तिथनं चालत जा. कुनाला कलनार नाय."

खरंच कुणाला कळलं नसतं. स्कूटीची मागची सीट रिकामी होती आणि माझे पाय तिच्याकडे बघत होते. बसमध्ये चढताना जी ऊब वाटली होती, तीच मला पुन्हा वाटायला लागली. म्हणूनच मी भडकले. लग्नाला बावीस वर्षं झाली, मोठ्या नणंदेपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता.

"पाय तुम्ही भिजवलेत वन्स! तुम्ही! आता निदान बसायला तरी सांगू नका. मी नाही बसणार. रांगत जाईन, पण बसणार नाही!"

ट्रक जात होते.  मला वाटलं, आता वन्स स्कूटी वळवून जातील आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट दहा घरांत पोचेल. पण त्यांनी खाली वाकून पायातल्या निळ्या रबरी चपला काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. मला एक नंबर मोठ्या होत्या, म्हणजे सुजलेल्या पायांना बरोब्बर.

"ह्या घाल. टाच मोकली रवल."

"आणि तुम्ही?"

"माना काय, माना गारी हाय."

माझे बूट स्कूटीच्या डिकीत गेले आणि माझी नणंद अनवाणी पायाने स्कूटी चालवत माझ्या मागे निघाली. खाडीवरच्या साकेत पुलाला मी त्या चपलांत पळाले. पळाले म्हणजे काय, फटाक फटाक करत फरफटले. पण दोनशे पावलं पळायचं, शंभर चालायचं, हा हिशेब सोडला नाही. एक गोष्ट स्पष्ट सांगते: पूल अरुंद आहे, गाड्या अंगावर येतात, मी केलं तरी तुम्ही तिथे धावू नका. माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली एक वाहतूक पोलीस हात आडवा करून उभा राहिला. आधी चपलांकडे बघितलं, मग वन्सच्या पायांकडे.

"काय, आंदोलन आहे का?"

"हो," वन्स म्हणाल्या.

त्याने आम्हाला रस्ता ओलांडून दिला. तीन हात नाक्यावरून कोपरीत शिरले तेव्हा गल्लीतली माणसं आपापल्या जेवणाच्या गडबडीत होती. ढोल नव्हते, फीत नव्हती, मला नकोही होती. दारात पोचले आणि घड्याळ बघितलं तर सहाशे मीटर कमी. कुठेतरी माझाच अंदाज चुकला होता. वन्स म्हणाल्या, "झाला ना आता!" मी मान हलवली आणि घरावरून पुढे गेले. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं. मागून स्कूटीचा आवाज बंद झाला. वन्सनी ती आमच्या दारात लावली आणि तापलेल्या डांबरावरून अनवाणी माझ्या बाजूला चालायला लागल्या. 

आप्पा ओट्यावर बसले होते. माझे वडील, ऐंशीच्या घरात, अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. मी कशासाठी आले, किती आले, त्यांनी विचारलं नाही. माझा पाय मांडीवर घेतला, फुटलेली टाच अंगठ्याने जरा दाबून पाहिली.

"पयल्या मोसमाला असाच व्हतो पाय. मिठावर उभा रवला का फुटतो."

"मग काय करायचात?"

"काय करनार? दुसरे दिशी परत उभं रवाचा."

मग त्यांनी वन्सचे पाय पाहिले आणि आईला हाक मारून परात आणायला सांगितली. त्या दुपारी कोपरीत वन्सचे पाय धुतले गेले. आईच्या हातच्या सुक्या बोंबलाच्या कालवणावर मी चार भाकऱ्या खाल्ल्या. दीपकला फोन केला, त्याच्याबरोबर संध्याकाळी त्या नव्या पुलावरून मोटारसायकलने घरी आले.

दहा दिवस झाले, टाचांना खपली धरली आहे. चपला धुऊन कोनला पाठवल्या. आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर मी घड्याळाचा फोटो टाकला आणि अपेक्षेप्रमाणे पंचायत बसली. प्रमाणपत्र नाही, अधिकृत मार्ग नाही, शेवटचे आठ किलोमीटर चपलांत. ही मॅरेथॉन धरायची कशी? एका भल्या माणसाने मला वेगळा मेसेज केला. म्हणाला, ताई, घड्याळात फक्त चालत्या पायांचा वेळ वेगळा दिसतो. कोनला बसलात ती चाळीस मिनिटं वजा करून टाका. साडेसातला येता. आकडा जरा बरा दिसेल.

त्याचा हेतू चांगला होता, म्हणून इथेच उत्तर देते. मला लागले आठ तास अकरा मिनिटं. त्यात चाळीस मिनिटं माझे पाय परातीत होते आणि आठ बाया ते धूत होत्या. ती मिनिटं मी वजा करणार नाही.