खोली नाही म्हणून खोली मिळाली नाही

वाचनालयात येणाऱ्या मंडळींनो, आजचा पेपर उघडण्याआधी फळ्यावर लावलेला माझा हा कागद वाचा.

मी विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुलांची बालवाडी चालवते. मुलं देवळाच्या ओसरीत बसतात. उत्सव आला की आम्हाला उठवतात, आता पुढच्या आठवड्यात पुन्हा उठायचंय. म्हणून एक खोली बांधायला सरकारी अनुदान मागितलं होतं. अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर संस्थेला स्वतःची इमारत नाही!

आज सकाळी अनुदान देणाऱ्या त्या खात्याची, अर्ज केलेल्या संस्थांसाठी सभा होती. साहेबांचं भाषण संपलं तशी मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "इमारत असती तर मी खोली कशाला मागितली असती?"

साहेब हसले. "बाई, नियम मी केले नाहीत. पुढच्या वर्षी परत अर्ज करा."

"आणि तोवर मुलांना कुठं बसवू?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बसा हो बाई, चहा गार होतोय." सगळे खो खो हसले.

दुष्काळात मंद्रूपहून इथं आलेली मल्लव्वा माझ्या सोबत होती. तिची लेक आमच्याकडेच येते. तिनं माझा हात धरला. "चला बाई. हितं आपलं कोण न्हाय."

जिन्यात मात्र एकेकानं मला गाठलं. बरं झालं बोललात, आमचाही अर्ज असाच परत आला, असं हळूच कानाशी सांगितलं. त्यांतले बरेच जण रोज या वाचनालयात येतात.

तेव्हा तुम्हालाच विचारते. जिन्यात तुम्हाला कंठ फुटला, तो सभेत का नाही फुटला?