माझं गोल तोंड आणि सुनेचं नाव

माझं तोंड भाकरीसारखं गोल झालं, तेव्हा गावात सुनेचं नाव झालं. आमच्याकडे सून कशी आहे ते सासूला विचारत नाहीत, सासूचं तोंड बघून ठरवतात. पाण्याच्या टाकीपाशी बाया तिला म्हणायच्या, "सासू लई अंगानं भरली की गं. काय खाऊ घालतीस?" सून लाजायची आणि घरी येऊन मला आणखी एक चमचा तूप वाढायची.

हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, ते कोणाला दिसलं नाही. हनुवटीवर दाढी यायला लागली, ती मेंढ्या कातरायच्या कात्रीनं मीच उडवायची.

शेवटी बीपी काही उतरेना म्हणून सून मला बीडला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पोटाचा फोटो काढायला लावला आणि म्हणाल्या, "आजी, किडनीच्या वर एक छोटी ग्रंथी असते."

"म्हाईत हाय. चरबीत दडून बसलेली, वालाच्या दाण्याएवढी."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बकरं साफ करताना बघते की. गुर्दा पातेल्यात, अन् ती कुत्र्याला."

बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. माझी ती लिंबाहून मोठी झाली होती. त्यातून नको तितका रस रक्तात जात होता, तोंड आणि दाढी त्यामुळेच. कॅन्सर वाटतो, काढल्यावर नक्की कळेल, म्हणाल्या.

सून रडायला लागली. "म्या तूप वाढलं म्हून झालं का ओ?"

"नाही हो. तुपाचा काही संबंध नाही."

"मग तोंड भरलं त्यात माझ्या हाताचा बी न्हाई," सून म्हणाली आणि जास्तच रडली.

ऑपरेशनच्या सकाळी मी सर्जनला बजावलं, "जपून काढा. पित्ताची पिशवी फुटली की सगळं मटण कडू होतं."

"अगदी तसंच आहे आजी. फुटू न देता अख्खी काढायची."

अख्खी निघाली. कॅन्सरच होता. दुसऱ्या बाजूची ग्रंथी इतके दिवस रस आयता मिळत होता म्हणून झोपून राहिली होती. ती उठेपर्यंत रोज गोळी घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही. दुखणं उलटू शकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी फोटो.

तोंड उतरलं, तशा टाकीपाशी बाया म्हणायला लागल्या, "सासूला उपाशी ठेवती." मग मी स्वतःच तिथं जाऊन बसले आणि गुर्द्यापासून कुत्र्यापर्यंत सगळं सांगितलं. दोघीजणी ऐकता ऐकता स्वतःची हनुवटी चाचपत होत्या.

परवा टाकीपाशी एक बाई कौतुकानं मला म्हणाली, "आता जरा भरलीस बरं का."

सुनेनं कळशी खाली ठेवली. मला उन्हात ओढलं आणि हनुवटी धरून मान दोन्हीकडं वळवून बघितली. पुढच्या फोटोला अजून आठ दिवस होते.

"न्हाई आत्याबाई, तेवढंच हाय. दाढी बी न्हाई."

"मग सोड की. बकरी हाय का मी?"

तिनं सोडली नाही. परत एकदा बघितलं.