कुठी लिहून आहे?

देवळीतली आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. पाळक वर्ध्याहून महिन्यातून एकदाच येतात, बाकीच्या रविवारी आमच्यापैकीच कुणीतरी उपदेश करतं. त्याची एक रीत आहे. उपदेश संपला की बसलेल्यांपैकी कुणीही उभं राहून विचारू शकतं, ‘‘कुठी लिहून आहे?’’ मग बोलणाऱ्याने बायबलातल्या प्रेषितांच्या पत्रांत किंवा शुभवर्तमानांत ती जागा काढून दाखवायची. प्रभूने ज्यांना स्वतः पाठवलं त्यांच्या शिकवणीत जे बसत नाही, ते कितीही गोड असो, आमच्याकडे चालत नाही. जागा सापडली नाही तर त्या माणसाला पुन्हा उभं करत नाहीत.

माझ्यावर ती वेळ कधी आली नाही. नागपूरला दोन वर्षं पवित्र शास्त्र शिकले आहे मी. लग्न होऊन इथे आल्यापासून पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारचा उपदेश माझाच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

मग धाकटी जाऊ आली. माहेर कारंज्याचं, हायवेवर भावाचा ढाबा. कुठलं पत्र कुणी लिहिलं, याचा हिला पत्ता नाही. दुसऱ्या वर्षी तिचं बाळ जन्मताच गेलं. तेव्हा तिच्या उशाशी मी बसले, पेज मी भरवली. पण पुढे मंडळीतल्या बाया आपलं दुःख घेऊन जाऊ लागल्या त्या तिच्याकडे. आमचं अंगण एकच, त्यामुळे माझ्या दारावरून पुढे जाऊन तिच्या पायरीशी चपला काढताना सगळ्या दिसायच्या. आतून रडणं ऐकू यायचं, थोड्या वेळाने हसणंही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मत्सर म्हणतात तो हाच, आणि तो अजून गेलेला नाही.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या काकांनी तिला एका रविवारी बोलायला सांगितलं. वर माझ्यासमोरच म्हणाले, ‘‘इचं जमलं त पुनरुत्थानाले इलेच बोलू देऊ.’’

ती बोलली फार थोडं. बाळ गेल्यावर देवाने आपल्याला कसं सावरलं ते सांगितलं. ‘‘मले जो धीर भेटला, तो माह्या एकटीचा नाई. दुसऱ्याले द्यासाठी भेटला. ठेवून घेतला त चोरी होते.’’ पुढच्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. मी उभी राहिले.

‘‘कुठी लिहून आहे?’’

तिने पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. कानशिलं लाल झाली तिची.

‘‘ताई, मले नाई सापडून राह्यलं. तुमाले माहीत असन. नसन लिहून, त मी खाली बसतो.’’

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला माहीत होतं. एका पत्राच्या अगदी सुरुवातीला, स्वतःच्या संकटांबद्दल लिहिताना, प्रेषिताने हेच सांगितलंय. चोरीचं तेवढं तिच्या पदरचं. मी नुसतं ‘नाई’ म्हटलं असतं, तर कुणी शोधायला बसलं नसतं. या मंडळीत माझ्या शब्दापुढे जातं कोण? तो शब्द ओठांपर्यंत आलाही होता. पण त्या पानावर माझं काही चालत नाही. जे प्रेषिताने लिहिलंय ते नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी जागा सांगितली, आणि काकांनी ती माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली.

पुनरुत्थानाच्या रविवारी तीच बोलली. आदल्या आठवड्यात दुपारी ती माझ्याकडे येऊन बसायची, मनातलं सांगायची, मी वचनं काढून द्यायची. एखादं चुकीचं द्यावं असं अनेकदा वाटलं. देववलं नाही.

त्या रविवारची भक्ती संपल्यावर ती आधी माझ्याकडे आली. ‘‘ताई, तुमी होत्या म्हणून जमलं,’’ म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. तेवढ्यात बायांनी तिला घेरलं. हात मोकळे हवेत म्हणून तिने आपलं पवित्र शास्त्र माझ्याकडे धरायला दिलं. त्यातून खुणेच्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या, सगळ्या माझ्या अक्षरातल्या.