लीगचा पहिला नंबर आणि तीन वाजताचा स्लॉट

दुबईतल्या एका कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसात मी बरीच वर्षं नोकरी करते. मला बास्केटबॉल खेळता येत नाही. शाळेत मी कबड्डीच्या संघात होते, तीही राखीव. इथे माझं काम म्हणजे हॉल बुक करायचा, बस मागवायची, टाइमटेबल लावायचं आणि ते कुणाला मोडू द्यायचं नाही. हे काम मला चांगलं जमतं.

माझ्याकडे एक वही आहे. हिवाळ्यात इथल्या सहा कॉलेजांच्या मुलींची लीग असते. प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचं, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी दहा मॅचेस. मग पहिल्या चार संघांचा कप. शनिवारी दोन सेमीफायनल, रविवारी फायनल, हरलं की घरी. वहीत दर हंगामाला एक ओळ: लीगमध्ये पहिलं कोण, कप कुणाचा. दोन्हीकडे एकच नाव आलं, की पुढे बरोबरची खूण.

नवा कोच आला की हमखास म्हणतो, लीग जिंकणारा संघ कप घेणारच, त्यात काय. मी वही त्याच्यापुढे सरकवते. खुणा जेमतेम निम्म्या ओळींना आहेत. दहा मॅचेसमध्ये एखादा वाईट दिवस खपून जातो, कपात खपत नाही. कुणाचा पाय मुरगळतो, कुणाची परीक्षा असते, कुणी आदल्या दिवशी शोर्मा खाऊन पोट बिघडवून घेते. यात मला कधी अन्याय वाटला नाही. दोन वेगळ्या परीक्षा आहेत, एवढंच.

तरीही माणसं कपालाच खरं मानतात. मीही मानत होते. आमची कॅप्टन पहिल्या वर्षाला होती तेव्हा तिनं मला विचारलं होतं, की घरच्यांना मॅचला आणलं तर चालेल का. मी टाइमटेबलातून मान वर न करता म्हटलं, "लीगच्या मॅचला कशाला कुणाची सुट्टी घालवतेस? फायनलला बोलव." त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलोच नाही.

गेल्या हंगामात ती दुसऱ्या वर्षाला होती आणि आम्ही दहाच्या दहा मॅचेस जिंकलो. मुलगी रत्नागिरीकडच्या कुटुंबातली. आई आणि ती दुबईतल्याच करामा भागात राहतात, वडील फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर शिफ्टमध्ये काम करतात. राहायचं तिथेच कंपनीच्या क्वार्टर्समध्ये, महिन्यातून दोनदा घरी. त्यांनी लेकीला खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. शेवटच्या लीग मॅचहून परतताना ती बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली.

"मॅडम, अब्बांनी रविवार मागून घेतलाय. फायनलचा. मिळाला."

"आणि सेमीलाच हरलो तर?"

"देन ही विल ईट मम्मीज बिर्याणी अँड गो बॅक," ती म्हणाली. हसली, पण लगेच बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागली. नाडी चांगली बांधलेली होती.

म्हणजे आमच्यासाठी तो कप होता, तिच्यासाठी शनिवार पार करणं होतं. मी मनाशी ठरवलं, शनिवार पार करून द्यायचा.

लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या संघाला एक हक्क मिळतो: सेमीफायनलची वेळ आपण निवडायची. कपाचा आठवडा रमजानात आला होता, त्यामुळे दोनच स्लॉट होते, दुपारी तीन किंवा इफ्तारनंतर साडेआठ. मी क्षणभरही विचार केला नाही. रमजानात इथलं सगळं शहर इफ्तारच्या आत घरी पोचण्याच्या हिशेबानं चालतं. ऑफिसं लवकर सुटतात, संध्याकाळच्या मीटिंगा दुपारी येतात, मीसुद्धा वीसेक वर्षं त्याच घड्याळावर चालते आहे. तीनला मॅच, साडेचारला खलास, मुली इफ्तारला आपापल्या घरी. शिवाय लवकर खेळणाऱ्या संघाला फायनलआधी पुरी रात्र विश्रांती. इतक्या हंगामांत मी तेच पाहिलं होतं. प्रॅक्टिसच्या आधी सगळ्या मुलींसमोर मी विचारलं, "तीन वाजता. चालेल ना सगळ्यांना?"

"चालेल मॅडम," कॅप्टन म्हणाली. तिच्यामागे सगळ्याच म्हणाल्या.

मी फॉर्म पाठवून दिला.

बुधवारी दुपारची प्रॅक्टिस होती. मी हॉलच्या चाव्या द्यायला गेले, तर कॅप्टन नळाशी उभी होती. तिनं चूळ भरली, थुंकली, ओल्या हातानं मान पुसली आणि परत धावायला गेली. दहा मिनिटांनी परत तेच. ती आमची सर्वांत वेगवान पोरगी, पण त्या दिवशी तिच्या हातातला बॉल एक बदली खेळाडू काढून घेत होती. रोजा धरणाऱ्या आणखी दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

इफ्तारच्या आत मोकळं व्हायचं हा ऑफिसात बसणाऱ्यांचा सोयीचा विचार होता. चाळीस मिनिटं धावणारीला तो उलटा पडतो. तिला खाऊनपिऊन मग खेळायचं असतं. हे कळायला वीस वर्षं दुबईत राहायची गरज नव्हती, एकदा धड विचारायची होती.

मी तिला बाजूला घेतलं. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, मॅडम. आय डिडन्ट वॉन्ट की माझ्यामुळे सगळ्यांचा चांगला स्लॉट जावा."

"तुझ्यामुळे काही जात नाही. मी न विचारता ठरवलं, त्याच्यामुळे जातंय."

वेळ बदलायला चारही संघांची संमती लागते. मी ऑफिसात जाऊन फोन लावले. सेमीत आमच्याशी खेळणाऱ्या संघाचा कोच म्हणाला, की त्याच्या चार मुली रोजे धरतात, तो मनातल्या मनात देवाचा धावा करत होता. "मग बोलायचं नाही का?" मी विचारलं. म्हणाला, निवड तुमची होती, मी कसा बोलणार. दुसऱ्या सेमीतल्या दोन्ही संघांत कुणीच रोजा धरत नव्हतं. त्यांतल्या एकानं लगेच हो म्हटलं. दुसऱ्याची कोच फिलिपिनो आहे, माझी जुनी ओळखीची. ती फोनवर मोठ्यानं हसली.

"हबीबती, तू मला फायनल बांधून देते आहेस, कळतंय ना तुला?" ती इंग्रजीत म्हणाली.

"कळतंय. आधी तू तुझी सेमी जिंक."

"यल्ला, दिला स्लॉट."

तिचं म्हणणं बरोबर होतं. ती तीनला खेळून संध्याकाळी पाय वर करून पडणार, आणि आमच्या मुली रात्री उशिरा घरी जाऊन पहाटे सहरीचं खायला उठणार. पण तीनला खेळून सेमीच हरलो असतो, तर फायनलची विश्रांती घेऊन काय करायचं होतं? मी तिथल्या तिथे फॉर्म बदलला.

शनिवारी साडेआठला आमच्या मुली अशा खेळल्या, की तिसऱ्या क्वार्टरनंतर मी घड्याळाकडे बघणं सोडलं. रविवारी फायनल, तीही रात्री, त्याच फिलिपिनो बाईंच्या संघाशी.

कॅप्टनचे वडील खजुरांचा मोठा डबा घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. स्टँडमध्ये बायकोशेजारी बसले आणि पूर्ण मॅचभर डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. आमच्या मुली शेवटच्या चार मिनिटांपर्यंत पुढे होत्या. मग त्यांचे पाय जड झाले आणि समोरच्यांचे झाले नाहीत. तीन पॉइंटांनी हरलो.

हॉलबाहेर ते मला भेटायला आले. कॅप्टन टॉवेल गळ्यात घालून मागे उभी होती.

"मॅडम, एक विचारू काय? लीगमधी पयला नंबर आमचाच ना?"

"तुमचाच. दहापैकी दहा."

"मंग आज काय होता?"

"आज कप होता. तो वेगळा."

त्यांनी थोडा विचार केला. मग लेकीकडे वळले. "म्हणजे जिंकलीस त्या दहा मला दाखवल्या नाहीस. हरलीस ती दाखवायला दीड तास गाडी हाकत बोलावलंस."

"अब्बा, प्लीज!"

"खोटं बोलतोय काय?"

"मॅडमच म्हणालेल्या, फायनलला बोलव म्हणून!"

दोघं माझ्याकडे बघायला लागली. "हो," मी म्हटलं, "मीच म्हटलं होतं. चुकलं." त्यांनी खजुरांचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी दोन घेतले.

वहीत त्या वर्षीच्या ओळीला खूण नाही. ती ओळ मी सोमवारी सकाळी पहिल्या चहाच्या आधी लिहून टाकली. स्लॉटसाठी आता मी प्रत्येकीला वेगळं, कागदावर विचारते. आणि सप्टेंबरात नव्या लीगचं टाइमटेबल तयार झालं, तेव्हा त्याची पहिली प्रत फुजैराला पाठवली.

नोव्हेंबरातली पहिली मॅच बुधवारी दुपारी चारला होती. लीगमधल्या सगळ्यात कमजोर संघाशी, रिकाम्या हॉलमध्ये. स्टँडमध्ये एकच माणूस होता, बाजूला चहाचा थर्मास. दुसऱ्या क्वार्टरपासून तो रेफरीवर ओरडायला लागला. नियम त्याला माहीत नव्हते, त्यामुळे तो आमच्या बाजूच्या निर्णयांवरही ओरडत होता. कॅप्टननं दोनदा कपाळाला हात लावला आणि तिसऱ्यांदा सरळ लांबून बास्केट टाकली. वीसेक पॉइंटांनी जिंकलो.

तो खाली आला. "झाली? आता पुढची कधी?"

"पुढच्या मंगळवारी."

"माझी नाइट हाय. त्याच्या पुढची?"

मी टाइमटेबल उघडलं.