मारोती काकांची फुंकर

तुमची नोकरी एका फुंकरीवर टांगली असेल आणि ती फुंकरच उलटली, तर तुम्ही कोणाकडे दाद मागाल?

आदिलाबादकडच्या एका बस डेपोत ड्रायव्हर मारोती काका सकाळी असेच अडकले होते. ड्युटीआधी ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकायचं, हा नियम. ज्यांनी कधी शिंदी चाखली नाही, त्यांच्या नावावर प्यायल्याचा लाल आकडा आला होता. नार्नूरची बस खोळंबली होती.

"सस्पेन्शनचा कागद काढतो," डेपो मॅनेजर म्हणाले. "मशीन काऊन खोटं बोलन?"

"मंग मी खोटं बोलून राह्यलो का साहेब?"

मी या मशीनची सर्व्हिस इंजिनिअर, कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडे अचूक येतात का ते तपासून जुळवायला आले होते. मशीन तपासलं. ठीक होतं. काकांचा चेहरा आणखी उतरला.

या मशीनच्या आत प्लॅटिनमचा पातळ थर असतो. अल्कोहोल त्यावर आलं की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि बारीकसा करंट वाहतो. करंट जास्त, तर आकडा मोठा. अल्कोहोल पोटातून आलं की आणखी कुठून, हे प्लॅटिनमला कळत नाही.

म्हणून मी गार्ड राजन्नाला विचारलं, "फुंकायची नळी नवी होती?"

"नव्या संपल्या, मॅडम. एकच फिरवून राह्यलो. बाकीचे शर्टाला पुसतात. काकाले कोणाचं उष्टं चालत नाही, त्यायले सॅनिटायझर मारून देतो."

"माझ्यासमोर मार."

त्याने नळीवर फवारा मारला. मी फुंकलं. पोटात फक्त चहा, तरी आकडा लाल. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलच असतं.

"घ्या, मॅडमलेबी घरी पाठवा," मागून एक कंडक्टर म्हणाला.

माझ्या किटमध्ये पाकीटबंद नळ्या होत्या. काकांना चूळ भरायला लावली, पाव तास थांबवलं. मग नव्या नळीतून फुंकायला सांगितलं. शून्य. काकांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा शून्य. काका बाकावर बसले आणि मोठा श्वास सोडला.

मॅनेजरांनी कागद फाडला. "आता कोणाले फुंकून दाखवता? गाडी काढा."

नियम मला मान्य आहे; प्यालेल्या ड्रायव्हरच्या बसमध्ये मीही बसणार नाही. पण ज्याच्या पोटावर नियम चालवता, त्याला निदान एक कोरी नळी द्या. ती वाचवून माणूस घालवणं मला मान्य नाही.

तुमच्या डेपोत, तुमच्या कारखान्याच्या गेटवर नळ्या पाकिटातून निघतात का, उद्याच बघा. निघत नसतील तर साहेबाला चारचौघांत विचारा. आणि कोणाचा आकडा लाल आला, तर चूळ आणि पाव तासानंतरची दुसरी टेस्ट होईपर्यंत त्याच्याजवळून हलू नका.