मामाच्या पेटीतलं टोकेलाव

अंगणात वाळत घातलेल्या खोबऱ्याचा वास आला की बोटीवर नोकरी करणारा मामा आठवतो. दोन वर्षं एकही पत्र न धाडता तो परतला, तेव्हा त्याच्या पेटीला हाच वास होता, आणि पहिल्यांदाच कुलूपही होतं.

तेव्हा आचऱ्याची गावपळण चालू होती. देवाच्या हुकमानं सगळा गाव गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहत होता. आमच्या झोपडीत मामा टोकेलावच्या गोष्टी सांगू लागला. पॅसिफिकमधली, न्यूझीलंडच्या ताब्यातली तीन चिमुकली बेटं, मासळी घरोघर वाटून घेणारी माणसं, आणि दरवर्षी एका बेटावरून दुसऱ्यावर जाणारं सरकार.

"सरकार बिऱ्हाड घेवन फिरता?" बाबा म्हणाले. "थापा मारू नको. थंय दुसरो संसार थाटलंस काय, तां सांग."

मामा हसला. "भावोजी, आमचो अख्खो गाव कोंबड्यांसकट भायर ऱ्हवाक जाता, असां मी थंय सांगलंय. त्यांकाय ती थापच वाटली."

सगळे हसले, बाबासुद्धा. मीही मामाच्या बाजूचा झालो.

परवा मोबाइलवर शोधलं. टोकेलावचं सारं खरं निघालं. पण बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मामानं दिलंच नव्हतं, हे इतक्या वर्षांनी लक्षात आलं.