दारावरची सभा

माझी बायको शुक्रवारी दुपारी वारली. शनिवारी घरासमोर मंडप पडला आणि लोक दारावर येऊ लागले.

आमच्या भागात दुःखात भेटायला येण्याला दारावर येणं म्हणतात. येणारा चपला काढतो, ताडपत्रीवर बसतो, थोडा वेळ जमिनीकडे पाहतो आणि मग विचारतो, ‘‘कसं काय व्हयनं?’’ ज्याच्या घरी दुःख आहे त्याने सगळं पहिल्यापासून सांगायचं. तेवढ्यात दुसरा येतो. त्यालाही पहिल्यापासून. बायका आत बसतात, पुरुष बाहेर. आलेल्या माणसाला ‘तुम्ही कोण’ असं मात्र कधी विचारायचं नाही. तो आला आहे म्हणजे कोणीतरी असणारच. ही रीत मोडली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

आमचं घर तालुक्याच्या गावात, मुख्य रस्त्यावर आहे. हा रस्ता स्टँडपासून निघतो आणि बाजारात जाऊन संपतो. मधल्या भागात तो रस्ता आहे हे सांगावं लागतं. दोन्ही बाजूंनी दुकानांचे पत्रे पुढे आलेले, पत्र्यांपुढे माल, मालापुढे मोटारसायकली, आणि जे उरतं त्यातून उसाच्या ट्रॉल्या, केळीचे ट्रक आणि प्रकाशा तीर्थाला निघालेले यात्रेकरू जातात. गटार आहे, पण ते फरशीखाली आहे, आणि फरशी कोणाच्या तरी दुकानाखाली आहे. थंडीत मिरचीचे ट्रक लागले की अख्खा रस्ता शिंकतो.

या रस्त्याचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचं ठरलं, तेव्हा एक नागरिक समिती नेमली गेली. समितीत एक महिला हवी होती. पालिकेचे लोक माझ्याकडे आले होते. निवृत्त मराठी शिक्षक म्हणून मला घ्यावं आणि मी एखादी बाई सुचवावी, असा त्यांचा विचार होता. मी विचार करायला वेळ मागत होतो, तोवर बायकोने स्वयंपाकघरातून सांगितलं, ‘‘लिखी ल्या मन्हं नाव. यासले वाचू द्या.’’ मला फार बरं वाटलं होतं.

तिला त्या समितीत एकच काम होतं. मंगळवारी आमच्या गावचा बाजार. सातपुड्यातल्या पाड्यांवरून बायका पहाटे जीपमध्ये बसतात आणि टोपल्या घेऊन दिवसभर या रस्त्याच्या कडेला माल विकतात. पुरुषांसाठी रस्ताभर भिंती आहेत. बायकांसाठी स्टँडपासून बाजारापर्यंत एकही जागा नाही. एकदा अशीच एक बाई पोट धरून आमच्या ओट्यावर बसलेली बायकोने पाहिली आणि तिला मागच्या अंगणातल्या संडासाकडे नेलं. पुढच्या मंगळवारी चार बायका आल्या. नंतर मोजायचं सोडून दिलं. रस्त्यावरून ओटा, ओट्यावरून माझी वाचायची खोली, खोलीतून मधलं घर, तिथून अंगण, असा त्यांचा मार्ग ठरून गेला. मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेला असायचो आणि माझ्यासमोरून माळा, तोडे, लुगडी जायची आणि यायची. येताना काही जणी माझ्या टेबलावर मूठभर शेंगा किंवा सीताफळ ठेवून जायच्या. मी एकदा बायकोला म्हणालो की आठवड्यातून एक दिवस माझ्याने एक ओळ वाचवत नाही.

‘‘तुम्हना डोया पुस्तकमा शेतस ना?’’ ती म्हणाली. ‘‘मंग त्या गयात काय नि उन्यात काय, तुमले काय?’’

समितीच्या प्रत्येक बैठकीत ती उभी राहून बायकांच्या मुतारीचं बोलायची. अध्यक्ष म्हणायचे, ‘‘भाभी, हा विषय शेवटी घेऊ.’’ शेवटी चहा यायचा. चहासमोर तो शब्द कसा काढायचा म्हणून विषय पुढच्या बैठकीला जायचा. ती घरी येऊन भांडी जरा जोरात घासायची. आजारी पडली तेव्हाही, मंगळवारी दार कोणी उघडायचं, हीच तिला चिंता. दवाखान्यात मला म्हणाली, ‘‘आराखडामा एकदाव ते लिखाई गयं पाहिजे.’’ मी हो म्हणालो. मी आयुष्यात कोणाकडून काही लिहून घेतलेलं नाही. मुलांकडून निबंध सोडून. तिलाही ते माहीत होतं.

ती गेली त्यानंतरच्याच मंगळवारी पुण्याहून आराखडाकार येऊन नागरिकांपुढे नकाशे मांडणार होते. आमच्या घरापासून चार दुकानं पुढे, भर रस्त्यात मंडप टाकून सभा घ्यायचं ठरलं होतं. बायको गेल्यावर सभा रद्द झाली, कारण सभेला जे येणार होते ते सगळे आमच्याकडे दारावर येणार होते. गावात मंडपवाला एकच. सभेसाठी धुऊन ठेवलेलं पांढरं कापड त्याने आमच्याकडे लावलं. पुण्याला कळवायचं काम अध्यक्षांनी सचिवांवर सोपवलं होतं, सचिवांनी दुसऱ्या कोणावर, आणि तो दुसरा आमच्याकडे स्मशानात लाकडं आणण्याच्या गडबडीत होता.

म्हणून मंगळवारी सकाळी एक तरुण गृहस्थ नंदुरबारला रेल्वेतून उतरून, बसने आमच्या गावी येऊन, मुख्य रस्त्याने चालत आले. काखेत नकाशांची मोठी नळी होती. रस्त्यात मंडप दिसला. मंडपात पांढऱ्या टोप्या घालून तीसचाळीस माणसं बसलेली. समोर स्टुलावर हार घातलेला फोटो, समई, ताटात फुलं. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम प्रतिमापूजनाने सुरू होतो. त्यांनी बूट काढले, फोटोला फुलं वाहिली, डोळे मिटून हात जोडले आणि ताडपत्रीवर येऊन बसले. लोकांनी सरकून जागा दिली.

‘‘कोन शे रे हाऊ?’’ माझ्या चुलत काकांनी मेहुण्याला हळूच विचारलं. काका नव्वदीचे आहेत. त्यांचं हळू समोरच्या हॉटेलात ऐकू जातं.

‘‘सुरतकडला व्हई,’’ मेहुणा म्हणाला. आमच्याकडे ओळख न पटलेला प्रत्येक नातेवाईक सुरतकडचा असतो.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. नागरिकांची इतकी शांत सभा आपण कधी पाहिली नव्हती, असं त्या गृहस्थांनी मला नंतर सांगितलं. मग त्यांनी घसा साफ करून विचारलं, ‘‘सुरू करू या?’’

काकांना वाटलं, प्रवचन आहे. ‘‘करा,’’ ते म्हणाले.

त्यांनी नळीतून नकाशा काढून ताडपत्रीवर पसरला. वर मोठ्या अक्षरांत ‘मुख्य रस्ता पुनरुज्जीवन : दीर्घकालीन आराखडा’ असं लिहिलेलं मला दिसलं. छापलेलं काही दिसलं की सगळ्यात आधी वाचणारा मीच असतो, त्यामुळे काय झालं आहे ते मला लगेच कळलं. मी त्यांना थांबवू शकलो असतो. पण शनिवारपासून पहिल्यांदाच माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं.

नकाशात आमचा रस्ता हिरवा होता. दोन्ही बाजूंना झाडं, फरसबंदी, बाकडी आणि सायकलींसाठी वेगळा पट्टा. समितीतली मंडळीही तिथे होती. त्यांनाही एव्हाना कळलं होतं, पण दारावर आलेल्या माणसाला मध्येच तोडायचं कसं? शिवाय नकाशा पाहायची उत्सुकता त्यांनाही होती.

‘‘सायकल कोन चालवस आते?’’ कोणीतरी मागून म्हणालं.

‘‘नही चालवस तं नही. तठे भजीनी गाडी लागी.’’

‘‘आणि ह्या बाकड्यांचं तोंड कोणीकडे?’’ कापडाच्या दुकानदाराने शुद्ध मराठीत विचारलं, कारण प्रश्न गंभीर होता. ‘‘दुकानाकडे केलं तर लोक दिवसभर माझ्या गल्ल्याकडे बघणार. रस्त्याकडे केलं तर ट्रॉल्यांची धूळ खाणार.’’

यावर बराच वेळ चर्चा झाली. शनिवारपासून मान खाली घालून बसलेली माणसं गुडघ्यांवर सरकत नकाशाभोवती गोळा झाली. आपापलं दुकान शोधून त्यावर बोट ठेवू लागली. एकाचं दुकान नकाशात झाड झालं होतं. तो रडवेला झाला. नव्याने दारावर आलेल्या एकाने ते पाहिलं आणि तोच घरातला समजून त्याच्याच गळ्यात पडला.

आराखडाकार उत्साहाने सांगत होते, ‘‘वीस वर्षांनी तुम्ही या रस्त्यावरून चालाल ना काका, तेव्हा...’’

‘‘वीस वर्षमा मी कोठे ऱ्हासू?’’ काका म्हणाले आणि खो खो हसले. सगळे हसले. मग एकदम सगळ्यांना फोटो दिसला आणि माना पुन्हा खाली गेल्या.

आराखडाकारांनी विचारलं, ‘‘या रस्त्यावर तुम्हाला सगळ्यात जास्त अडचण कशाची होते?’’

नेमक्या त्याच वेळी बाजारातल्या दोन बायका रस्त्यावरून आल्या. मंडप पाहून थबकल्या, फोटोजवळ गेल्या. एकीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. त्यांना कोणी कळवलेलं नव्हतं. थोडा वेळ दोघी तशाच उभ्या राहिल्या आणि मग दुसरा इलाज नसल्यासारख्या, माना खाली घालून, पुरुषांच्या मधून वाट काढत घरात शिरल्या.

‘‘या आत कुठे गेल्या?’’ आराखडाकारांनी विचारलं.

अध्यक्ष खोकले.

‘‘आत,’’ सचिव म्हणाले.

‘‘आत म्हणजे?’’

‘‘मागे.’’

‘‘मागे काय आहे?’’

‘‘अंगण.’’

माझी मेहुणी दाराशी बसून हे ऐकत होती. ती बायकोची धाकटी बहीण. आवाज तोच, फक्त जरा मोठा. सुतकात बायकांनी मंडपात यायचं नसतं. ती उंबरा ओलांडून थेट नकाशापर्यंत आली.

‘‘मुताले गयात, भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘लिखी ल्या. मन्ही बहीन गयी. आते ह्या बाया कोठे जातीन?’’

आराखडाकारांनी एकदा तिच्याकडे, एकदा फोटोकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या टोप्यांकडे, मग माझ्या दाढीच्या खुंटांकडे. त्यांचा चेहरा उतरत गेला. ते घाईघाईने नकाशा गुंडाळू लागले. तो उलटा गुंडाळला जात होता.

‘‘सर, माफ करा. मला वाटलं, या कोणी जुन्या समाजसेविका असतील.’’

‘‘होत्या,’’ मी म्हणालो. ‘‘बसा. चहा घ्या.’’

चहा आला. पण या वेळी विषय पुढे गेला नाही, कारण मेहुणी कपबशी धरून त्यांच्यासमोरच बसली होती. त्यांनी नकाशा पुन्हा उघडला. बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘‘लिहीन मी. पण जागा कुठे दाखवू? स्टँडपासून बाजारापर्यंत पालिकेची हातभर जागा मोकळी नाही.’’

अध्यक्ष म्हणाले, जागेचा प्रश्न आहेच. सगळ्यांनी माना हलवल्या. प्रत्येकाने आपलं बोट आपल्या दुकानावरून काढून घेतलं होतं.

नकाशात आमचं घर लहानसा चौकोन होता. मी रस्त्याकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ‘‘ही माझी वाचायची खोली,’’ मी म्हणालो. ‘‘इथे दाखवा.’’

‘‘दाजी!’’ मेहुणा माझा हात धरून म्हणाला. ‘‘सुतकमा देवघेव नही करतस.’’

‘‘आता फक्त लिहू द्या. गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं, की देतो.’’

आणि दिली. पुस्तकं आतल्या खोलीत पलंगाखाली गेली. आराखडा रंगीत छापून आला; त्यात ते काम होतं, पण तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे बहुधा काकांच्या शंभरीनंतर. पहिल्या टप्प्यात शोभेचे दिवे होते. पुढच्या मंगळवारी मेहुणी बाजारातल्या बायकांची रांग घेऊन पालिकेच्या कचेरीत गेली आणि तिथल्या शिपायाला नम्रपणे विचारलं, ‘‘साहेबना संडास कोठे शे?’’ नाही म्हणायला नियम नव्हता. रांग जिन्यापर्यंत आली होती म्हणतात. दोनतीन बाजार असे गेल्यावर तिसरा टप्पा पहिला झाला.

हे मी सावकाश लिहितो आहे, कारण घाई कशाचीच नाही. दिव्यांचे खांब आले आहेत. ते गटाराच्या फरशीवर आडवे पडून आहेत आणि त्यांवर मिरचीची पोती ठेवतात. बाकडी भिंतीकडे तोंड करून बसवली, त्यामुळे कोणाचीच तक्रार नाही. झाडं लागायची आहेत. माझ्या खोलीच्या जागी बायकांसाठी दोन संडास, दोन मोऱ्या आणि पाण्याची टाकी आहे. त्यांचं दार रस्त्यावर उघडतं. मंगळवारी घरातून आता कोणी जात नाही.